गणवेशाचा अर्थ

सातारा-सांगलीकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निवृत्त सैनिक गणवेशात, पदके लावून पुढे चालतो. रांगा लावतो, पोरांना शिस्त लावतो. आपल्या कवी-कथाकारांना त्याच्यात केवळ देशभक्ती दिसते. हे आकलन मला अपुरे वाटते.

हा गणवेश आम्हाला सुखासुखी मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती थांबवली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध लेखणी उचलली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ साली मोडली. पुन्हा युद्ध आले, १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट निघाली. गरज होती तेवढाच गणवेश!

आणि कापडाने जात झाकते काय? १९०१ साली सुभेदार रामजींना भेटायला गोरेगावी निघालेला छोटा भीम आणि घरातली इतर मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर चकचकीत टोप्या. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची पोरे वाटली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मुलांनाच हाकावी लागली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे.

पलटणीत शिकलेली शिस्त समता सैनिक दलात स्वतःच्या माणसांसाठी उभी राहिली, तेव्हा त्या गणवेशाला खरा अर्थ आला. मिरवणुकीतला म्हातारा हक्क मागत चालला आहे. आपल्या साहित्याने त्याची पदके मोजण्याआधी हे लिहावे.