जग संपल्यावर माणूस केवढा?

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजाहून उंच असतात. शेजारचा भालदार त्यांच्या खांद्याला लागतो, मावळे कमरेला, आणि मागच्या वर्षीच्या पिशवीतून निघालेला वाघ तोफेपेक्षा मोठा असतो. मोहरी उगवली की झाडी तटबंदीच्याही वर जाते. लहानपणी यातलं काहीच खटकत नाही. किल्ल्यावर आकार मानाप्रमाणे ठरतो, हे कुणी न शिकवता कळलेलं असतं.

मोठेपणी मी हाच उद्योग वेगळ्या नावानं करतो. मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे रंगवलेले छोटे सैनिक, टेबलावर मांडलेला भूप्रदेश, मोजपट्टी, फासे आणि नियमांचं एक पुस्तक. त्यातही माझा ओढा प्रलयोत्तर खेळांकडे आहे: अणुयुद्ध, साथ किंवा दुष्काळ होऊन गेलाय, शहरं ओस पडलीत आणि उरलेली माणसं पाणी, पेट्रोल, औषधांसाठी एकमेकांवर धावून जातात. या खेळात पडणारा प्रत्येक नवखा पहिला प्रश्न विचारतो तो स्केलचा. २८ मिलिमीटरचे पुतळे घ्यावेत की १५ चे, की ६ चे? उत्तरं सहसा खिसा, जागा आणि बाजारातली उपलब्धता यांभोवती फिरतात. ती उत्तरं बरोबरच आहेत. पण स्केल निवडताना आपण आणखी एक गोष्ट ठरवत असतो, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही: जग संपल्यावर आपण माणसाकडे किती अंतरावरून पाहणार आहोत?

आधी मापांचा गोंधळ निस्तरू. २८ मिलिमीटर हे तांत्रिकदृष्ट्या स्केलच नव्हे, ती पुतळ्याची उंची आहे. बरेच जण ती तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, काही टाळूपर्यंत. ढोबळ हिशेबानं २८ मिमी म्हणजे १:५६, १५ मिमी म्हणजे १:१००, आणि ६ मिमी म्हणजे १:३०० च्या आसपास. शिवाय ही उंची वर्षागणिक वाढत आली आहे. पूर्वी २५ मिमीचा पुतळा चालायचा, मग २८ चा झाला, आता ३२ मिमीही सर्रास दिसतो. ज्या खेळानं या छंदाचं बाजारपेठेतलं वळण ठरवलं त्या ‘वॉरहॅमर ४०,०००’चे (१९८७) स्पेस मरीन सैनिकच पाहा. २०१७ साली आलेली त्यांची नवी पिढी जुन्यांच्या शेजारी उभी केली की थोरला भाऊ वाटते.

उंचीसोबत घडणही बदलते. या पुतळ्यांच्या शैलीला ‘हीरोइक’ म्हणतात. खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते. इथे ती पाच-सहा पटींवर येते. पंजे मोठे, आणि सगळ्यात मोठी बंदूक. याला कारण आहे. रायफलीची दीड सेंटिमीटर जाडीची नळी १:५६ मध्ये पाव मिलिमीटरची होईल. ती ओतता येणार नाही आणि ओतली तरी पहिल्याच खेळात मोडेल. म्हणून शिल्पकार ती जाड करतो. कारण धातूचं आणि प्लास्टिकचं आहे, पण परिणाम किल्ल्यावरचाच होतो: ज्याला मान द्यायचा ते मोठं. तिथे महाराज मोठे होतात. इथे चेहरा आणि हत्यार मोठं होतं, आणि खांद्यावरची पाण्याची कॅन आपल्या मापात राहते.

आता टेबलाकडे या. सहा फूट लांबीचं टेबल १:५६ मध्ये जेमतेम शंभर मीटरचं होतं. वॉरहॅमरमधल्या नेहमीच्या बोल्टर बंदुकीचा पल्ला पिढ्यान्‌पिढ्या २४ इंच राहिला आहे. पुतळ्याच्या मापानं ते ३४ मीटर झाले. तेवढ्या अंतरावर गल्लीतलं पोर दगड मारतं. खरी रायफल तीनशे मीटरवर सहज मारा करते, म्हणजे आपल्या टेबलावरून सुटलेली गोळी जेवणाची खोली ओलांडून गॅलरीत पोचायला हवी. साहजिकच नियम अंतर आकसतात. यात फसवणूक नाही. तमाशात मंचावर एक फेरी मारली की गौळणी मथुरेच्या वाटेला लागतात आणि आपण मुकाट मानतो, तसंच हे. २८ मिमीचं टेबल हा रंगमंच आहे.

अडचण इथूनच सुरू होते. रंगमंचावर गर्दी शोभते. ३४ मीटरच्या पल्ल्यातही पुतळे लगेच मरू नयेत म्हणून टेबलावर पडक्या भिंती, गंजक्या गाड्या, पिंपं दाटीवाटीनं मांडावी लागतात. टेबल सुंदर दिसतं. पण प्रलयोत्तर गोष्टींचा गाभा म्हणजे ओसाडपण. माणसांमधली अंतरं वाढली, तीन दिवस चाललं तरी कुणी भेटत नाही, आणि कुणी भेटलंच तर त्याचीच भीती वाटते. ‘मॅड मॅक्स’च्या दुसऱ्या चित्रपटात (१९८१) तेलविहिरीभोवतीची झटापट लक्षात राहते ती तिच्या चहूबाजूंच्या रिकाम्या क्षितिजामुळे. २८ मिमीच्या टेबलाला क्षितिज परवडत नाही.

हा दोष प्रत्येक खेळाला सारखाच बाधतो असं नाही. मॉडिफियसचा ‘फॉलआउट: वेस्टलँड वॉरफेअर’ (२०१८) ३२ मिमीचा आहे आणि त्याला तो आकार साजतो. मूळ व्हिडिओ गेममध्येच आपण एका माणसाच्या पाठीमागून चालत असतो. त्याचा कुत्रा आपल्याला नावानं माहीत असतो, त्याच्या खिशात काय आहे हेही. टेबलावर येताना कार्डांच्या रूपानं ती मालमत्ता सोबत येते. इथे प्रलय ही एका व्यक्तीची चरित्रकथा आहे, आणि चरित्राला चेहरा लागतो. फक्त त्याची किंमत ओळखायला हवी: भटकंतीतले रिकामे तास जातात आणि उरतात ते प्रसंग.

दुसरं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. माइक हचिन्सन यांचा ‘गॅसलँड्स’ (२०१७) हॉट व्हील्स, मॅचबॉक्ससारख्या खेळण्यातल्या गाड्यांवर खेळला जातो. पुतळे मागवायचे नाहीत. मिठाईच्या डब्यापेक्षा स्वस्तात दोन गाड्या आणायच्या, त्यांवर भंगार चिकटवायचं, गंज रंगवायचा. मापाला १:६४ म्हणतात, पण तेही नावापुरतं. सगळ्या गाड्या साधारण एकाच पाकिटात बसवायच्या असल्यानं ट्रक आकसतो आणि छोटी मोटार फुगते. पुन्हा आपला किल्लाच. तरीही तो खोटा वाटत नाही, कारण कथेत याची सोय आहे. ‘गॅसलँड्स’मध्ये पृथ्वी उद्ध्वस्त झालीय, धनदांडगे मंगळावर आहेत, आणि इथले गरीब टीव्हीवरच्या जीवघेण्या शर्यतीत उतरतात, जिंकलो तर मंगळावर जाता येईल या आशेनं. प्रेक्षकांची मतं हा नियमांचाच भाग आहे. मंगळावरून पाहणाऱ्याला या गाड्या खेळण्यांएवढ्याच दिसणार. आत चालक आहे की नाही हे काचेतून कळत नाही, आणि गाडी पेटते तेव्हा आपण टाळी देतो. स्केलनं आपल्याला अलगद त्या प्रेक्षकांत नेऊन बसवलेलं असतं. इतका बोचरा विनोद मी या छंदात दुसरा पाहिलेला नाही, आणि तो नियमांइतकाच मापानं साधलाय.

तिसरं टोक ६ मिलिमीटरचं. इथे सहा फुटांचं टेबल साडेपाचशे मीटरचं होतं, आणि रायफलीचा तीनशे मीटरचा पल्ला एका मीटरमध्ये खरोखर बसतो. क्षितिज परत येतं. भंगाराचीही चंगळ होते. थंड पेयाच्या बाटलीचं तीन सेंटिमीटरचं झाकण २८ मिमीत जेमतेम डिश अँटेना असतं. ६ मिमीत ती नऊ मीटर रुंदीची पाण्याची टाकी होते. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावरचे फुगवटे म्हणजे तीन-तीन मीटरचे घुमट, एक अख्खी वस्ती. मोडक्यातून जग उभारणं हा ज्या कथांचा विषय, त्यांत खेळणाऱ्यालाही तेच करायला मिळतं. पण माणूस? तो तांदळाच्या दाण्याएवढा. एकेकटा उचलता येत नाही म्हणून चौघापाचांना एका पट्टीवर चिकटवतात, आणि मरतानाही पट्टीच उचलली जाते.

टेबलावर वाकलो की डोळा पुतळ्यापासून साधारण साठ सेंटिमीटरवर असतो. ते अंतर स्केलनं गुणून पाहा. २८ मिमीचा पुतळा म्हणजे ३४ मीटरवर उभा असलेला माणूस. त्यात डोकं मोठं करून त्याला आणखी जवळ ओढलेलं, त्यामुळे चेहरा ओळखू येतो. १५ मिमीचा म्हणजे साठ मीटरवरचा. चेहरा नाही, पण चाल कळते, ओझं कळतं, बाई की पोर ते कळतं. ६ मिमीचा म्हणजे १८० मीटरवरचा, हलणारा ठिपका.

मार्च २०२० मध्ये आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मी रोज रिकामा रस्ता पाहायचो. एक माणूस दुपारी वीस लिटरची कॅन घेऊन लांबच्या चौकातून यायचा. त्याचा चेहरा मला कधीच दिसला नाही. पण येतानाची आणि जातानाची चाल वेगळी असायची, आणि कॅन भरली की नाही हे त्यावरून कळायचं. जग थांबलेलं असताना माणूस मला या अंतरावरून दिसला होता.

गेल्या वर्षी एकच प्रसंग मी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याबरोबर तिन्ही मापांत खेळलो. वस्तीपासून विहिरीपर्यंत जायचं, पाण्याचं पिंप भरून परत आणायचं, वाटेत लुटारू. पहिल्यांदा २८ मिमी. लाल रुमाल बांधलेली एक बाई पडली. तिच्यावर मी चार संध्याकाळी घालवल्या होत्या, डोळ्यांत पांढरा ठिपकासुद्धा दिला होता. पुतळा उचलताना भाचा म्हणाला, “मामा, हिचं नाव काय होतं?” मी नाव ठेवलंच नव्हतं, आम्ही तिथल्या तिथे ठेवलं. मग ६ मिमी. पट्टी उचलून तो म्हणाला, “दोन गेल्या, तीन उरल्या,” आणि फासे माझ्याकडे सरकवले. चूक त्याची नव्हती. त्या अंतरावरून मीही तेच म्हटलं असतं. शेवटी १५ मिमी. पिंपाच्या दोन बाजूंना दोघं होते, त्यांतला एक पडला. भाचा जरा थांबला आणि म्हणाला, “आता दुसरी बाजू कोण धरणार?”

या प्रश्नानं मी १५ मिमीच्या बाजूचा झालो. तीन मापं, तीन प्रश्न: कोण गेलं, किती गेले, आता काम कोण करणार. तिन्ही खरे आहेत. एका माणसाची गोष्ट सांगायची असेल तर मोठा पुतळा घ्या, त्याला नाव द्या. शहरं आणि फौजा कशा मिटल्या ते दाखवायचं असेल तर ६ मिमीला पर्याय नाही. पण प्रलयोत्तर कथेचा खास प्रश्न मला तिसरा वाटतो. व्यवस्था कोसळली की जाणाऱ्याबरोबर त्याचं कामही मागे पडतं, आणि ते उचलायला हात मोजकेच असतात.

१५ मिमीच्या अडचणी लपवत नाही. प्रलयोत्तर पुतळ्यांची निवड २८ मिमीच्या मानानं तोकडी आहे. खेळण्यातल्या गाड्या या मापात अवाढव्य दिसतात. चाळिशीनंतर चष्म्यावर भिंग लावून रंगवावं लागतं. उलट बाजूनं, थ्रीडी प्रिंटर असेल तर २८ मिमीची फाइल ५४ टक्क्यांवर आणली की काम होतं, आणि रेझिन सहापटीहून कमी लागतं. फक्त नळ्या आणि काठ्या आधी जाड करून घ्या. नियम कुठलेही चालतात. इंच तसेच ठेवलेत तर २४ इंचांचा पल्ला ६१ मीटर होतो, पूर्वीपेक्षा खऱ्याच्या जवळ. इंचांऐवजी सेंटिमीटर मोजलेत तर तेच टेबल क्षेत्रफळानं सहापटीहून मोठं झाल्यासारखं वागतं. तेव्हा निम्म्या भिंती काढून टाका. टेबल ओकंबोकं दिसेल. दिसू द्या.

एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून या छंदाला पहिलं लोकप्रिय नियमपुस्तक दिलं. ते जमिनीवर बसून खेळण्यातल्या शिपायांवर स्प्रिंगच्या तोफा डागायचे. पुस्तकाच्या शेवटी त्यांचा रोख असा आहे, की खरं युद्ध हा प्रमाणाबाहेर गेलेला खेळ आहे, माणसाच्या डोक्यात न मावणारा. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. त्यांच्या शिपायांचं माप कारखान्यानं ठरवलेलं होतं, वेल्सना निवडावं लागलं नाही. आपल्याला निवडावं लागतं.

यंदा दिवाळीत भाच्यानं किल्ला केला तेव्हा माझे उरलेले १५ मिमीचे पुतळे मागून नेले. महाराज नेहमीसारखे बुरुजाहून उंच होते. माझी माणसं त्यांच्या पावलांशीही पोचत नव्हती. त्यानं त्यांना गडाखालच्या विहिरीपाशी ठेवलं होतं, पिंपाच्या दोन्ही बाजूंना एकेक.