भूमिकाखेळांतील दोन जगे

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांचा विचार वाङ्मयीन मासिकात करावा की करू नये, याविषयी मतभेद होण्याचा संभव आहे. आमच्या मते तो अवश्य करावा. ज्या कृतीत पात्रे आहेत, कथानक आहे, संवाद आहेत आणि शेवट सुखाचा की दुःखाचा हा प्रश्न आहे, तिला वाङ्मयाच्या घरात निदान ओसरीपर्यंत येऊ देण्यास हरकत नसावी. इंग्रजीत ज्यांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात त्या खेळांविषयी आम्ही बोलत आहो. येथे सोयीसाठी त्यांना भूमिकाखेळ म्हणू. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घ्यावयाची, त्याला विस्तीर्ण जगात हिंडवावयाचे, अनुभवागणिक त्याचे बळ वाढवीत न्यावयाचे आणि वाटेत पडणाऱ्या पेचांत त्याच्या वतीने निर्णय करावयाचा, असे त्यांचे सामान्य स्वरूप. परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरांतून, विशेषतः बदलीच्या प्रत्येक हुकुमासरशी शाळा आणि सवंगडी गमावणाऱ्या मुलांच्या हाती, हे खेळ दिसतात. आमच्या वयाचे पुष्कळ कारकूनही ते खेळतात, हे लपवून ठेवण्याचे कारण नाही.

या खेळांची ठळक अशी दोन घराणी आहेत. एकाचे जग मध्ययुगीन आणि अद्भुतरम्य : किल्ले, तलवारी, मंत्रतंत्र, आग ओकणारे ड्रॅगन. दुसऱ्याचे जग विज्ञानकथेचे : अंतराळयाने, यंत्रमानव, परग्रहांवरील वसाहती. पहिल्या घराण्याचा गोतावळा एवढा मोठा का, आणि दुसऱ्यातील मोजक्याच कृती मनात घर करून का राहतात, असा प्रश्न रसिकांत वारंवार निघतो. नेहमीचे उत्तर वंशावळीचे असते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे व कागद घेऊन खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. तो मध्ययुगीन लढायांच्या बाहुल्यांच्या खेळातून निघाला होता, आणि 1954-55 साली प्रकाशित झालेल्या टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची छाया त्यावर होती. पुढे 1981 साली 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे खेळ संगणकावर आले तेही त्याच वळणाचे. (पहिल्या 'अल्टिमा'त तलवार बाळगणारा नायक मध्येच यानात बसून अंतराळात लढून येतो, ही मौज वेगळी.)

परंतु एवढ्याने आमचे समाधान होत नाही. 1977 साली, म्हणजे अवघ्या तीन वर्षांनी, मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा अंतराळातील भूमिकाखेळ प्रसिद्ध झाला होता. त्यात पात्र तयार होते ते नोकरी करून. आरमार, भूदल, व्यापारी तांडा अशा एखाद्या सेवेत चार-चार वर्षांच्या मुदती भरावयाच्या, बढती मिळाली तर घ्यावयाची, वय वाढले की शरीर खचू लागते ते सोसावयाचे, आणि पुरेशी वर्षे भरल्यास निवृत्तिवेतन घेऊन मग कोठे साहसास बाहेर पडावयाचे. फासा फिरला तर खेळ सुरू होण्यापूर्वी पात्र सेवेतच मरते! आमच्या वाचकांस हा नियम इतरांपेक्षा लवकर उमजेल. तथापि संगणकावरील खेळांनी सामान्यतः कित्ता गिरवला तो याचा नव्हे. अनोळखी पोराने उंदीर मारता मारता महावीर व्हावे, ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची शिडीच त्यांनी उचलली. प्रश्न असा की ही शिडी एका जगात भक्कम उभी राहते आणि दुसऱ्यात डुगडुगते, ते का?

भूमिकाखेळाचा प्राण एकट्या माणसाच्या वाढीत आहे. कालपर्यंत ज्याला कुत्रे विचारीत नव्हते तो स्वतःच्या पायांनी चालत, मार खात मोठा होतो, आणि एके दिवशी त्याच्या शब्दाने गावाचे दैव फिरते. हे पटावयाचे तर वाट पायाखालची हवी. बातमी माणसाच्या चालीने जाणारी हवी. राजसत्ता असावी, पण दूर असावी, आणि चार कोसांवरील गुहेत काय चालले आहे याचा तिला पत्ता नसावा. खेळांतले मध्ययुग नेमके असे असते. विज्ञानकथेच्या जगात मात्र संदेश क्षणात पोहोचतो, प्रत्येक माणसाची कोठेतरी नोंद असते, आणि प्रत्येक संकटासाठी एक खाते असते. गुहेत काही विपरीत घडले तर कोणी तरी अहवाल मागवील, तुकडी पाठवील. एकट्या अनोळखी माणसाने तेथे का जावे, याचे उत्तर विज्ञानकथेला दर वेळी नव्याने शोधावे लागते. तलवार आणि बंदूक हा भेद आम्हास वरवरचा वाटतो. मुख्य भेद अंतराचा आणि यंत्रणेचा आहे.

याची परीक्षा पाहण्यास अमेरिकेतील बेथेस्डा या एकाच संस्थेच्या कृती पुरेशा आहेत. 2002 सालच्या 'मॉरोविंड'मध्ये नायक कैदी म्हणून गलबतातून उतरतो, आणि त्याला प्रथम जावे लागते ते शिरगणती व अबकारी कचेरीत. तेथील वृद्ध अधिकारी त्याचा व्यवसाय, त्याची जन्मरास विचारून कागद भरून देतो. भूमिका घेण्याचा विधी तो हाच. मग कचेरीचे दार उघडते, आणि तेथून पुढे त्या कागदांना कोणी फारसे विचारीत नाही. कोठे जावयाचे ते लोक तोंडी सांगतात : पूल ओलांडा, डावीकडच्या टेकडीवरून वळा. खेळणारा चुकतो, आणि चुकलेल्या वाटेवर त्याला दुसरीच एखादी कथा भेटते. 2011 सालच्या 'स्कायरिम'चा आरंभ याहून मार्मिक आहे. शिरच्छेदासाठी आणलेल्या कैद्यांची नावे एक शिपाई यादीतून वाचीत असतो; नायकाचे नाव त्या यादीत नाही. त्याला त्याचे नाव विचारले जाते, आणि त्या क्षणी खेळणारा ते नाव ठरवितो. यादीत नसल्याने सुटका होत नाही, त्याला ओंडक्याकडे न्यावयाचेच ठरते. मग आकाशातून ड्रॅगन उतरतो आणि यादी, शिपाई, ओंडका सगळेच उधळले जाते. यंत्रणेच्या कचाट्यातून एका माणसाला सोडवून पायवाटेवर आणून उभे करणे, हे या घराण्याचे सर्व कर्म त्या प्रसंगात आले आहे.

त्याच संस्थेने 2023 साली 'स्टारफील्ड' काढला. त्यात ग्रहांची संख्या हजाराहून अधिक आहे, असे मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. यान स्वतःच्या मनाप्रमाणे जोडण्याची सोय खरोखर रमविणारी आहे. परंतु एका ग्रहावरून दुसऱ्यावर जावयाचे म्हणजे काय? नकाशावर बोट ठेवावे, पडदा क्षणभर काळा व्हावा, आणि पोहोचावे. उतरावे तेथे पुष्कळ वेळा तीच वखार, तिच्यात त्याच जागी पडलेली तीच प्रेते. 'स्कायरिम'मध्ये एका कामास निघालेला माणूस वाटेत तीन कामांत गुंततो. 'स्टारफील्ड'मध्ये वाटच नाही. काही समीक्षकांनी याचा दोष रचनाकारांच्या आळसावर ढकलला. आम्हास ते अन्यायाचे वाटते. पायवाटेसाठी घडलेला कथाप्रकार जेथे पायवाट संभवतच नाही अशा जगात जसाच्या तसा नेऊन ठेवला, आणि त्या जगाचा स्वतःचा जो प्रश्न होता तो विचारलाच नाही, हे त्या फसगतीचे मूळ आहे.

बळ वाढत जाण्याच्या नियमाचीही तीच गत. तलवारीचा वार निसटता बसला असे म्हणता येते. म्हणून नवशिक्याचे दहा वार आणि वीराचा एक वार हा हिशेब पटतो. गोळीला ही सवलत नाही. बायोवेअर या कॅनडातील संस्थेच्या 'मास इफेक्ट'मध्ये (2007) शेपर्ड हा नाणावलेला सेनाधिकारी आहे, पण आरंभी कौशल्याचे आकडे कमी असल्याने दूरच्या नेमाची बंदूक घेतली की त्याचा हात नवख्या रंगरुटासारखा थरथरतो. 2010 सालच्या दुसऱ्या भागात रचनाकारांनी ही मोजदाद बरीच कमी करून टाकली.

मग विज्ञानकथेच्या घराण्यात ज्या कृती यशस्वी झाल्या त्या कशामुळे? आमच्या पाहण्यात तिला तीन वाटा सापडल्या.

पहिली वाट म्हणजे जगच मोडून टाकणे. 1997 सालच्या 'फॉलआउट'मध्ये अणुयुद्ध होऊन गेले आहे. तळघरातील वसाहतीचे पाणी शुद्ध करणारा यंत्राचा एक तुकडा बिघडतो आणि तो आणण्यासाठी नायकाला दीडशे दिवसांची मुदत देऊन बाहेर पाठवितात. बाहेर राज्य नाही, तार नाही, नाणे म्हणून बाटल्यांची बुचे चालतात. म्हणजे विज्ञानाच्या राखेतून मध्ययुगच पुन्हा उभे केले आहे. तरीही ही कृती आम्ही थोर मानतो, ती तिच्या शेवटासाठी. सर्व काही साधून नायक घरी परततो तेव्हा वसाहतीचा प्रमुख त्याला आत घेत नाही. तू बाहेरचे जग पाहिले आहेस, तुझ्यामागून पोरे बाहेर पडतील, असे म्हणून दाराशीच निरोप देतो. उरलेसुरले एकच कार्यालय शिल्लक आहे, आणि त्याचा पहिला निर्णय हा!

दुसरी वाट 'मास इफेक्ट'ची : नायकाला नियुक्तिपत्र देणे. शेपर्ड आकाशगंगेच्या मध्यवर्ती मंडळापुढे तक्रार घेऊन जातो. मंडळ पुरावा मागते. पुरावा सादर झाल्यावर त्याला अशा पदावर नेमले जाते की ज्याला सामान्य कायदा लागू नाही. मध्ययुगातील वीर ज्या मोकळिकीने जन्मतः हिंडतो ती मोकळीक विज्ञानयुगातील वीराला हुकुमाने मिळवावी लागते, हे यात फार चांगले ओळखले आहे. दुसऱ्या भागात तेच मंडळ वाचलेले असल्यास त्याला झाल्या संकटाच्या कारणाविषयी पुन्हा शंका येऊ लागतात. कचेरीत बारा वर्षे काढलेल्या माणसास यात काही अद्भुत वाटावयाचे नाही. मात्र 2012 साली आलेल्या तिसऱ्या भागाचा शेवट एका यंत्राने पुढे ठेवलेल्या पर्यायांवर आणून सोडला, तेव्हा खेळणारे खवळले, आणि संस्थेला त्याच वर्षी शेवट वाढवून द्यावा लागला. तीन भाग स्वतःच्या निर्णयावर चालत आलेल्यांना शेवटी रकान्यात खूण करावयास सांगितले होते.

तिसरी वाट सर्वांत कठीण, आणि ती पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या संस्थेने धरली. त्यांच्या 'विचर 3'चा (2015) नायक गेराल्ट हा मोलाने राक्षस मारणारा भटक्या. सापकोव्स्की यांच्या कथांतून आलेला. तो गावात येतो, फळ्यावर लावलेले कागद वाचतो, गावच्या म्होरक्याशी मोबदल्याची घासाघीस करतो. त्याच संस्थेच्या 'सायबरपंक 2077'मध्ये (2020) नायकाला फळ्यापाशी जावे लागत नाही. त्याला दूरध्वनी येतो. शहरभर कोठेही असा, दलाल काम सांगतात. गेराल्ट कामाकडे चालत जातो, येथे काम माणसाचा पाठलाग करते. दोन युगांतील अंतर याहून थोडक्यात सांगता येणार नाही. हा खेळ प्रथम विक्रीस आला तेव्हा इतका सदोष होता की सोनीने तो आपल्या दुकानातून काही महिने काढून टाकला होता. ते दोष पुढे पुष्कळसे दुरुस्त झाले. नायकाच्या डोक्यात एका मेलेल्या गायकाचे मन साठविलेला तुकडा बसला आहे आणि तो त्याला हळूहळू पुसून टाकीत आहे. 2023 साली जोडलेल्या भागात एक शेवट असा आहे : सरकारच्या मदतीने नायक बरा होतो, पण दोन वर्षे बेशुद्धीत गेलेली असतात, शरीरातील सर्व यांत्रिक बळ कायमचे गेलेले असते, मित्र आपापल्या वाटांनी पांगलेले असतात. रस्त्यावरचे सामान्य गुंड त्याला बडवून काढतात, आणि तो उठून गर्दीत मिसळतो. भूमिकाखेळाची शिडी एकेक पायरी चढवून नेली आणि वर पोहोचल्यावर ती काढून घेतली. आम्हास असा शेवट कोणत्याही ड्रॅगनाच्या वधाहून अधिक झोंबला.

अद्भुतरम्य खेळ हे पळपुटेपणाचे आहेत, असे काही गंभीर मंडळी म्हणतात. मराठीत हे बोल 'मुक्तामाले'पासून, म्हणजे 1861 पासून ऐकू येतात, आणि पुढे वास्तववादी कादंबरी आली तेव्हा त्यांना जोर चढला. दिवसभर दुसऱ्याच्या सहीसाठी कागद फिरविणाऱ्या माणसाने रात्री तासभर यादीबाहेरचे आयुष्य जगून पाहिले तर त्यास पळपुटा म्हणण्यास आम्ही तयार नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ज्याला हे खेळ मध्ययुग म्हणतात त्या काळात जमिनीला बांधलेला कुणबी धन्याच्या परवानगीवाचून गाव सोडू शकत नसे. स्वैर हिंडणारा अनामिक वीर हा त्या काळचा प्रतिनिधी खासच नव्हे. आणि ज्या वेळी कोणी खरे मध्ययुग मांडावयास बसतो त्या वेळी यंत्रणा दारातून आत येतेच. झेक रचनाकारांचा 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' (2018) घ्या. 1403 सालचा बोहेमिया. मंत्र नाही, ड्रॅगन नाही. लोहाराचा मुलगा हेन्री गाव जळाल्यावर एका सरदाराच्या पदरी राहतो, त्याचे हुकूम वाहतो; कपडे मळके असतील तर प्रतिष्ठित माणसे त्याच्याशी नीट बोलत नाहीत. आणि त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडले की पानावर अक्षरांची नुसती सरमिसळ दिसते. एका खेड्यात एक लेखनिक राहतो. त्याच्याकडे काही दिवस बसून शिकावे लागते, आणि त्यानंतरही शब्द एकदम उलगडत नाहीत, वाचीत राहिल्यावर ओळींतून एकेक जागेवर येतात. इतक्या खेळांत नायकाला जादूच्या तलवारी, मंत्र, अंतराळयाने मिळताना आम्ही पाहिली. लेखनिकाच्या पडवीत बसून त्याने मिळविलेली ही एकच शक्ती अशी, की जिच्यासाठी आम्ही दुसऱ्या दिवशी कचेरीत डोळे चोळीत बसलो.