कितवा अध्याय चालू आहे ?

“सध्यां काय वाचतां ?” हा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकींत प्रकृतीच्या विचारपुशीइतक्याच सहजपणें विचारला जातो, आणि त्याचें उत्तरहि बहुधा प्रकृतीच्या उत्तराइतकेंच खरें असतें. ‘ठीक आहे’ म्हणणारा मनुष्य ठीक असतोच असें नाहीं. त्याचप्रमाणें एखाद्या जाड इंग्रजी ग्रंथाचें नांव घेणारा गृहस्थ तो ग्रंथ वाचीत असतोच असें नाहीं. उशाशीं असलेली रहस्यकथा उशाशींच राहते, आणि दिवाणखान्यांत दुसऱ्याच पुस्तकाचें नांव निघतें. यांत थोडा दंभ आहे हें सांगावयास टीकाकार कशाला पाहिजे ? तें सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस विचार करावयाचा आहे तो त्या प्रश्नाच्या घडणीचा. तो विचारला जातो अशा रीतीनें कीं, खरें उत्तर देणाऱ्यास संकोच वाटावा. हाच प्रश्न मराठी घरांत पूर्वीं निराळ्या शब्दांनीं विचारीत असत, आणि ते शब्द अधिक शहाणपणाचे होते असें आमचें मत आहे.

चातुर्मास लागला कीं देवळांत किंवा वाड्यांतल्या ओटीवर पोथी लावण्याची चाल होती. कित्येक ठिकाणीं ती अजूनहि आहे. ‘यंदां कोणती पोथी लावली आहे ?’ हा पहिला प्रश्न. त्याचें उत्तर आळींतल्या सर्वांस दोन दिवसांत कळून जाई, आणि मग चार महिने एकच प्रश्न उरे : ‘कितवा अध्याय चालू आहे ?’ श्रीधराच्या पांडवप्रतापाचे अध्याय चौसष्ट, रामविजयाचे चाळीस, हरिविजयाचे छत्तीस. जो चार दिवस परगांवीं गेला त्याला आपण नसतांना काय काय झालें हें दुसऱ्याकडून ऐकून घ्यावें लागे, आणि सांगणारा तें आपल्या पद्धतीनें सांगे : कोठें जास्त, कोठें कमी, एखादा प्रसंग गाळून, एखादा रंगवून. या सांगण्यालाच आम्ही टीकेचें मूळ समजतों. कोणता भाग मनांत राहिला आणि कोणता निसटला याची ती बिनचूक चांचणी होती. आणि तींत कोणाला लाज वाटण्याचें कारण नव्हतें, कारण मध्येंच असणें हीच तेथें सर्वांची स्थिति होती. श्रीधर श्रोत्यांना वारंवार हांक मारतो याचें मर्महि येथेंच आहे. आपला ऐकणारा आज उठून घरीं जाणार आणि उद्यां पुन्हां येणार, हें ज्या कवीला माहीत आहे त्याची ती हांक आहे.

त्या काळाला सोनेरी मुलामा देण्याची आमची इच्छा नाहीं. पारायणांची संख्या मोजणारे तेव्हांहि होते, आणि वर्षाकाठीं किती पुस्तकें संपविलीं याचा आंकडा जाहीर करणारे आजचे वाचक हे त्यांचेच वंशज होत. पोथी कोणीं वाचावी आणि कोणीं नुसती ऐकावी याचेहि निर्बंध होते. त्यांचा जाच विशेषतः बायकांना झाला.

छापील मासिकें आणि साप्ताहिकें आलीं तेव्हां ओटीवरची पोथी कांहीं अंशीं त्यांत शिरली. कै. हरिभाऊ आपटे यांचें ‘करमणूक’ १८९० सालीं निघालें, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो ?’ ही कादंबरी त्यांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. आज ती आपण बांधीव ग्रंथाच्या रूपानें वाचतों. यमूच्या कपाळीं पुढें काय लिहिलें आहे हें प्रस्तावना, पाठ्यपुस्तकें आणि परीक्षेचीं टिपणें आधींच सांगून टाकतात. परिणाम असा होतो कीं, यमूचे मुंबईंतले दिवस, नवऱ्याच्या सहवासांत ती शिकते, वाचूं लागते, मोकळेपणानें बोलूं लागते ते दिवस, टीकाकारांच्या लेखीं पुढच्या अनर्थाची नुसती पूर्वतयारी होऊन बसतात. परंतु ‘करमणुकी’च्या वाचकाला ते दिवस तसे दिसणें शक्य नव्हतें. यमूच्या निवेदनाच्या सुरांत दुःखाची चाहूल आहे, हें खरें. तथापि तें दुःख केव्हां आणि कोणत्या रूपानें येणार हें हातांतल्या अंकांत लिहिलेलें नव्हतें. पुढचा अंक येईपर्यंत यमूचें सुख हें सुखच होतें. तें टिकावें असें त्या वाचकाला वाटलें असेल, आणि तसें वाटणें हाच त्या कादंबरीचा खरा आघात आहे. टिकावें असें ज्याचें वाटलेंच नाहीं, तें मोडलें म्हणून काय बिघडलें ?

हरिभाऊंवर पाल्हाळाचा आरोप नेहमीं केला जातो. तो खोटा नाहीं. पण हा आरोप शेवटच्या पानावर उभें राहून मागें पाहणाऱ्याचा आहे. हप्त्याहप्त्यानें वाचणाऱ्याला यमूच्या सासरच्या घरांतली तीच ती बोलणीं, तेच ते टोमणे पुन्हां पुन्हां वाचावे लागत; आणि त्या घरांत राहणाऱ्या मुलीलाहि तीं तशींच पुन्हां पुन्हां ऐकावीं लागत. एका बैठकींत वाचून काढणाऱ्याला जें लांबण वाटतें, तेंच सावकाश वाचणाऱ्याला छळाचें माप वाटतें. सबंध ग्रंथ संपवून बसलेल्या टीकेला हें सहसा दिसत नाहीं, आणि म्हणून ‘कुठपर्यंत आलां ?’ या प्रश्नाचा आम्ही आग्रह धरतों.

आपण काय वाचतों हें उघड सांगण्याला किती किंमत मोजावी लागत असे, हें रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० सालच्या पुस्तकांत पाहावें. १८७३ सालीं लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरांत आल्या, आणि न्यायमूर्तींनीं त्यांना शिकविण्यास आरंभ केला. घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना तें खपलें नाहीं. त्यांच्या बोलण्याचा जाच रमाबाईंनीं कोणावर राग न धरतां लिहून ठेवला आहे. ज्या घरांत पुस्तक हातीं धरणें हाच अपराध, तेथें ‘काय वाचतेस ?’ हा प्रश्न चौकशीचा नसून चौकीचा असतो. आजच्या दिवाणखान्यांतला प्रश्न इतका कठोर नाहीं हें उघड आहे. पण त्यांतहि तपासणीचा अंश शिल्लक आहे. तेव्हां वाचल्याबद्दल जाब द्यावा लागे, आतां न वाचल्याबद्दल द्यावा लागतो, एवढाच फरक.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली गेली आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या लोकप्रियतेचीं कारणें सांगतांना मातृप्रेमाचा उल्लेख सर्वजण करतात. तिच्या मांडणीकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. तिचीं प्रकरणें म्हणजे बेचाळीस रात्री. श्याम रोज रात्रीं सोबत्यांना एक आठवण सांगतो आणि थांबतो. ही पोथीचीच रचना आहे. घरांत मोठ्यानें वाचण्यास तिच्याइतकें सोयीचें पुस्तक मराठींत क्वचितच सांपडेल, आणि ‘काल कितवी रात्र झाली ?’ असें तिच्याविषयीं विचारतां येतें. गुरुजींच्या भावविवशतेबद्दल कोणाचा कांहींहि अभिप्राय असो, ऐकणाऱ्याला उद्यांपर्यंत थांबविण्याची ही कला त्यांना चांगली अवगत होती.

आतां आमच्या स्वतःच्या धंद्याकडे वळूं. मासिकांच्या शेवटच्या पानांवर ‘साभार पोंच’ म्हणून यादी येते. तिच्यांतल्या कांहीं भाग्यवान् पुस्तकांना चार ओळींचा अभिप्राय लाभतो, आणि त्यांत तें पुस्तक ‘वाचनीय’, ‘उद्बोधक’ किंवा ‘संग्राह्य’ ठरतें. संग्राह्य या शब्दाचा अर्थ बहुधा ‘कपाटांत ठेवण्याजोगें’ असा असावा. अभिप्राय देणाऱ्यानें ‘साठाव्या पानावर मी अडलों, आठ दिवस पुस्तक उघडलें नाहीं, आणि पुढें अमुक कारणानें पुन्हां हातीं घेतलें’ असें लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. वस्तुतः नव्या वाचकाला उपयोगी पडणारी बातमी तीच. अर्धें पुस्तक वाचून मत देणें अन्यायाचें होय, असा यावर आक्षेप येईल. निर्णय देण्यापुरता तो आक्षेप बरोबर आहे, आणि न्यायाधीशानें सबंध खटला ऐकलाच पाहिजे. पण प्रवासांतून पत्र पाठविणाऱ्याकडून कोणी निकाल मागत नाहीं. रस्ता कसा आहे, पाणी कोठें लागलें, एवढें त्यानें कळवावें.

हल्लीं पुस्तकांच्या चळतीचें छायाचित्र मोबाइलवरून धाडण्याची रीत पडली आहे. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस महाराष्ट्रांत वाचन-प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशीं मुलांच्या हातांत पुस्तकें दिसतात. हें वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण शाळेंत आणि घरींहि मुलाला विचारतात तें पुस्तकाचें नांव, आणि किती वाचलीं तो आंकडा. ज्या मुलानें एक पुस्तक तिसाव्या पानावर सोडलें त्याला आपल्यांतच कांहीं उणें आहे असें वाटतें, आणि तें लपविण्यासाठीं तो पुढचें पुस्तक उघडीत नाहीं. त्याला कोणीं ‘कुठें सोडलेंस, आणि कां ?’ असें आस्थेनें विचारलें असतें, तर त्याच्या तोंडून एक लहानशी पण खरी टीका बाहेर पडली असती. एकाच घरांत चार माणसें चार कोपऱ्यांत वाचीत आहेत, आणि कोण कशांत रमला आहे याचा एकमेकांस पत्ता नाहीं, अशीं घरें आमच्या ओळखींत अनेक आहेत.

याला आपल्याकडे एक सुखद अपवाद आहे तो दिवाळी अंकांचा. ‘मनोरंजन’नें १९०९ सालीं दिवाळी अंक काढला तेव्हांपासून ही प्रथा चालत आली आहे, आणि अनेक वाचनालयें ठराविक वर्गणींत हे अंक पुढें कित्येक महिने घरोघर फिरवितात. दिवाळी अंकाविषयीं लोक मोकळेपणानें बोलतात. ‘पहिली कथा सोडा, मधला लेख तेवढा वाचा’, ‘कविता पाहिल्या नाहींत’, ‘अंक परत केला, पण ती एक गोष्ट डोक्यांतून जात नाहीं’ अशीं वाक्यें जिन्यांत, रेल्वेच्या डब्यांत, वाचनालयाच्या खिडकीशीं ऐकूं येतात. दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला पाहिजे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. म्हणून त्याविषयीं खोटें बोलावें लागत नाहीं.

दुसरा अपवाद अधिक चोरटा आहे. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें, मुंबईचें १८९८ सालचें. अशा जुन्या संस्थांपासून गांवच्या लहान वाचनालयापर्यंत कोठेंहि जाऊन, पुष्कळ हातांतून गेलेली कादंबरी काढून पाहावी. समासांत पेन्सिलीचे शेरे सांपडतात. ते आरंभीं दाट असतात, पुढें विरळ होतात, आणि पुष्कळदां एका विशिष्ट पानानंतर समास कोरा राहतो. लिहिणारा तेथें थांबला असावा. क्वचित् ‘येथून पुढें कंटाळा’ अशा शेऱ्याखालीं दुसऱ्या कोणाच्या अक्षरांत ‘आणखी वीस पानें वाचा’ अशी विनवणीहि आढळते. लिहिणाऱ्यांनीं एकमेकांस कधीं पाहिलेलें नसतें. पुस्तक परत आल्यावर ग्रंथपाल तें सगळें खोडून टाकतात, आणि पुस्तकें सांभाळणें हें त्यांचें काम असल्यामुळें त्यांना तसें करावेंच लागतें.