किंदनार : कथाकालक्षेपाचे एक विडंबन

तमिळ चित्रपटसृष्टीतील विनोदी नट एन. एस. कृष्णन् (1908–1957) यांचे नाव मराठी वाचकाला फारसे परिचित नाही. तमिळनाडूत मात्र ते 'कलैवाणर' या उपाधीनेच ओळखले जातात, आणि चेन्नईतील एका शासकीय सभागृहाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या कामगिरीपैकी 'किंदनार' हे कथाकालक्षेपाचे विडंबन मराठी समीक्षेने आवर्जून पाहावे असे आहे. 1949 मधील 'नल्ल तंबी' या चित्रपटात ते आले. चित्रपटाचे लेखन सी. एन. अण्णादुरै यांचे, दिग्दर्शन कृष्णन्-पंजू यांचे. या आख्यानाकडे मराठी दृष्टी वळण्याचे कारण केवळ विषयाचे साम्य नव्हे. ज्या रूपाचे हे विडंबन आहे ते रूपच काही अंशी मराठी आहे.

तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात आणि समर्थ संप्रदायाच्या मठांत मराठी कीर्तन रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकरांसारख्या कीर्तनकारांची कीर्तने तेथे झाली. त्यांचा आदर्श पुढे ठेवून तंजावूर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला तिची आजची घडण दिली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते कर्नाटक संगीताच्या रागांत बसून मद्रासच्या सभागृहांपर्यंत पोहोचली. तेव्हा कृष्णन् यांनी भागवतराची भूमिका घेऊन निरूपणाला आरंभ केला, त्या वेळी नकळत का होईना, त्यांनी नारदाच्या गादीचीच थट्टा मांडली होती. मराठी माणसाने तिच्याकडे परक्याचे कौतुक म्हणून पाहू नये.

'किंदनार' हे नाव 'नंदनार' या नावावर बेतलेले आहे. नंदनार हा त्रेसष्ट शैव संतांपैकी एक. तो अस्पृश्य जातीत जन्मलेला. बाराव्या शतकात शेक्किळार यांनी 'पेरियपुराणा'त त्याचे चरित्र गायिले. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारती यांनी 'नंदनार चरित्रा'त त्याला विस्तार दिला आणि मुळात नसलेला एक निष्ठुर ब्राह्मण जमीनदार कथेत आणला. नंदनाला चिदंबरमला जाऊन नटराजाचे दर्शन घ्यायचे आहे. जमीनदार त्याला सोडत नाही. शेवटी तो अग्नीतून पार पडतो, शुद्ध होतो आणि देवाच्या स्वरूपात विलीन होतो. हरिकथाकारांचे हे अत्यंत आवडते आख्यान.

कृष्णन् यांनी या कथेचा सांगाडा जसाच्या तसा ठेवला आणि आतली वस्तू बदलली. किंदन हाही त्याच जातीतला मुलगा. त्याला ओढ आहे ती चिदंबरमची नव्हे, शाळेची. तो चेन्नईला जातो, शिकतो आणि शाळा-तपासनीस होऊन आपल्या गावी परततो. क्षेत्राच्या जागी शहर आणि अग्निदिव्याच्या जागी विद्याभ्यास असा हा पालट आहे. तो वरवर पाहता सोपा वाटतो. शाळकरी विडंबनात असे शब्दांचे पालट पुष्कळ असतात. परंतु दोन्ही कथांचा शेवट शेजारी ठेवला की या विडंबनाची खरी धार जाणवते. नंदन परत येत नाही. तो गर्भगृहात जातो आणि अदृश्य होतो. ज्या देहामुळे देवळाचे दार बंद होते तो देहच उरत नाही. त्यामुळे भक्ताचा जय होतो आणि गावाला, जमीनदाराला, पुजाऱ्याला आपली वागणूक बदलण्याची गरजही पडत नाही. किंदन मात्र देहासह परत येतो, आणि गावाला त्याच्यापुढे उभे राहावे लागते. एवढ्या एका फरकाने कृष्णन् यांनी मूळ आख्यानावर जे भाष्य केले ते एखाद्या दीर्घ प्रबंधालाही साधले नसते.

आपल्याकडे चोखामेळ्याची कथा या संदर्भात आठवते. चोखोबा विलीन झाला नाही. त्याची समाधी पायरीशीच राहिली, आणि म्हणूनच ती कथा नंदनाच्या कथेइतकी समाधानकारक कधीच होऊ शकली नाही. तिने मनाला टोचणी लावली. 1947 मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावे लागले. मद्रास प्रांतातही त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. दोनच वर्षांनी आलेल्या किंदनाला देवळाची वाट धरावीशी वाटत नाही, यात या कालक्रमाचा हात असावा. दार कायद्याने उघडले होते. ते उघडल्याने काय मिळाले, असा प्रश्न जणू कथानकाच्या रचनेतून विचारला गेला आहे.

त्याच काळात एम. आर. राधा यांनी निराळा मार्ग धरला होता. त्यांच्या रामायणावरील उपहासनाट्याने 1954 मध्ये मोठा क्षोभ उसळला, आणि त्याच वर्षी मद्रास सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. राधांचा प्रहार देवतेवर होता. कृष्णन् यांचा निरूपणाच्या अधिकारावर. आख्यान कोणी सांगावे, आणि श्रोत्यांनी कोणत्या गोष्टीवर मान डोलवावी, हा त्यांचा विषय. कृष्णन् यांना सौम्य म्हणणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घेतलेला दिसत नाही. आपल्या सत्यशोधक जलसाने गण ठेवला, पण गणपतीचा अर्थ लोकांचा नायक असा लावला. तेही याच जातीचे कार्य होते. गाडगेबाबांचे कीर्तन तर विडंबन नसूनही याच कुळातले.

अमेरिकेतील रॉक संगीतकार फ्रँक झप्पा यांच्याशी तुलना केली तर कृष्णन् यांचे स्थान अधिक स्पष्ट होते. 1988 च्या 'ब्रॉडवे द हार्ड वे' या ध्वनिमुद्रिकेत झप्पांनी दूरचित्रवाणीवरून धर्मप्रवचने करणाऱ्या आणि राजकारणात शिरू पाहणाऱ्या उपदेशकांची निर्दय टर उडविली. पॅट रॉबर्टसन त्या वर्षी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे होते. त्यांच्यासारख्यांना नावानिशी लक्ष्य केले गेले. हे धैर्याचे काम खरे. पण झप्पा बाहेर उभे राहून बोट दाखवितात. व्यक्ती विस्मृतीत गेली की अशा उपहासाला टिपा जोडाव्या लागतात. कृष्णन् कथाकाराच्या जागी स्वतः उभे राहतात. त्यांचा उपहास समजण्यासाठी एकाही समकालीन भागवतराचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही.

तथापि 'किंदनार'ची एक उणीव मान्य केलीच पाहिजे. त्यातला उद्धार एकट्याचा आहे, आणि तो सरकारी हुद्द्याच्या रूपाने येतो. बाकीचे गाव आहे तेथेच राहते. देवळाचा प्रश्न किंदनाने वळसा घालून टाळला. तो सुटला नाही. चेन्नईतील 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हे वाद्यवृंद-मंडळ 2018 च्या जानेवारीत प्रथम रंगमंचावर आले, ते या टाळलेल्या जागी परत जाण्यासाठीच, असे म्हणता येईल. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी उभारलेल्या या मंडळाने उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतील, अंत्ययात्रेत गाइले जाणारे गाना हे गीतरूप घेऊन त्याला रॉक आणि रॅप यांची जोड दिली. मंडळाचे नाव अयोत्तिदास पंडितांच्या 'जातिविरहित तमिळ' या कल्पनेतून आले आहे.

शबरीमलै येथील स्त्रियांच्या प्रवेशाचा वाद 2018 मध्ये ऐन भरात असताना या मंडळातील गायिका इसैवाणी यांनी अय्यप्पाला उद्देशून गायिलेल्या गीतावर 2024 च्या नोव्हेंबरात, म्हणजे यात्रेच्या हंगामात, श्रद्धा दुखावल्याच्या तक्रारी झाल्या. आक्षेप घेणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नसावी. देवाला एकेरीत हाक मारून त्याच्या दाराबद्दल त्यालाच जाब विचारणे ही भक्तिकाव्याची जुनी रीत आहे. सोयराबाईने विटाळाचा प्रश्न विठ्ठलापुढे असाच मांडला होता. कृष्णन् यांनी कीर्तनकाराची जागा घेतली. येथे गायिकेने भक्ताची जागा घेतली आहे. पहिली जागा विनोदाने मिळू शकली, तीही कथेतला मुलगा देवळाकडे वळला नाही म्हणून.