मालिका संपत नाही, म्हणून नट जातो

गडहिंग्लज भागात मालिकेतल्या नटाला त्याच्या खऱ्या नावानं सहसा कुणी हाक मारत नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६-२०२१) चालू असताना हार्दिक जोशी हा राणादाच होता. वसगड्याचा वाडा बघायला लोक गाड्या करून गेले, ते राणादाचं घर म्हणून. २०२० मध्ये वैनीसाहेबांची भूमिका करणाऱ्या धनश्री काडगावकर बाहेर पडल्या आणि त्यांच्या जागी माधुरी पवार आल्या. थोडे दिवस ‘ह्या वैनीसाहेब न्हवंत’ अशी कुरकुर झाली, मग सगळं पूर्ववत.

ही कुरकुर विरली, हीच मला काळजीची गोष्ट वाटते. वाहिनीनं त्यातून धडा घेतला की पात्र टिकतं, नट बदलता येतो.

तरुण नटांना हे लवकर कळतं आणि ते मालिका सोडतात. अमेरिकेत ‘बेव्हर्ली हिल्स, ९०२१०’मधून शॅनन डोहर्टी १९९४ मध्ये गेली, ल्यूक पेरी १९९५ मध्ये. पण तिथं सीझन असतो आणि दोन सीझनांच्या मध्ये मोकळा काळही. आपल्याकडे रोज एक भाग. आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपत आली की बारा-बारा तासांची शिफ्ट, नाटकाच्या तारखा रद्द. त्यात लेखनही तरुण पात्राला मोठं होऊ देत नाही. कॉलेज ही लग्नाआधीची प्रस्तावना. एकदा मंगळसूत्र आलं की नायिकेची उरलेली वर्षं सासूच्या स्वयंपाकघरात. पंचविशीतल्या नटीनं त्यात आणखी काय शोधायचं?

‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया पाहा. ती भूमिका करणारी रसिका सुनील २०१८ मध्ये शिकायला अमेरिकेला गेली. ईशा केसकर आली. २०२० मध्ये दातांच्या शस्त्रक्रियेमुळे तिनं मालिका सोडली, तेव्हा पुन्हा रसिका! मधल्या काळात शनाया तीच राहिली, तोच नखरा, तेच डावपेच. परत आलेल्या नटीला शिकून आलेलं काही दाखवायची जागाच नव्हती. नट का जातात याचं याहून बोलकं उत्तर मला सापडलेलं नाही. पैसा, भांडणं, सिनेमाची ओढ ही कारणं आहेतच, पण ती कुठल्याही धंद्यात असतात.

याच्या उलट ‘दिल दोस्ती दुनियादारी’. अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर, पूजा ठोंबरे, पुष्कराज चिरपुटकर. सहा पोरं, एक घर, सासू नाही. २०१५ मध्ये सुरू झाली, २०१६ मध्ये थांबली, लोकांना हवीहवीशी असतानाच. म्हणूनच त्यातल्या काही जणांना ‘अमर फोटो स्टुडिओ’ या नाटकात एकत्र येता आलं आणि २०१७ मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’त नवी नावं घेऊन उभं राहता आलं. (दुसरी मालिका पहिलीइतकी जमली नाही, ते असो.)

हिंदीत हिना खान २००९ पासून ‘ये रिश्ता क्या कहलाता है’त होती. २०१६ मध्ये ती गेली. मालिकेनं पुढची पिढी आणली आणि कथा चालू ठेवली. मराठी निर्मातेही आता हाच हिशेब करतात: लीप घ्या, म्हणजे कथा काही वर्षं पुढं न्या, मुलं मोठी करा. त्या मोठ्या झालेल्या मुलांच्या भूमिकांसाठी पुन्हा विशीतलेच नट येतात, आणि पहिल्याच वर्षी त्यांचंही लग्न लागतं.