‘अरुणोदया’नंतर काय?

काही वर्षांपूर्वी निपाणीतल्या एका छोटेखानी साहित्य मेळाव्यात ‘सीमाभागाने मराठीला काय दिले’ या विषयावर बोलण्याची पाळी माझ्यावर आली होती. मी मास्तर माणूस. यादी केल्याशिवाय मला बोलता येत नाही. कवी, कथाकार, नाटककार, शाहीर अशी नावे मी ओळीने वाचून दाखवली. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेले साहित्य संमेलन आणि तिथे झालेला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव यांचाही उल्लेख झाला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले. ते निवृत्त पाळक होते. म्हणाले, “गुरुजी, बाबा पदमनजी राहिले.”

मी चटकन उत्तर दिले, “पाळकसाहेब, ते धर्मप्रचारक. आपण साहित्यिकांविषयी बोलतोय.” सभा हसली. ते काही न बोलता खाली बसले.

रात्री घरी आल्यावर मात्र झोप लागेना. बाबांचे एकही पुस्तक मी पुरते वाचलेले नव्हते. ‘मराठीतील पहिली कादंबरी कोणती?’ या परीक्षेतल्या प्रश्नाचे ‘यमुनापर्यटन, १८५७’ हे उत्तर तेवढे पाठ होते. न वाचताच निकाल देऊन मी मोकळा झालो होतो. प्रस्तुत लेख त्या निकालाची उशिराने केलेली फेरतपासणी आहे. तीत गौरव आहे तशी तक्रारही आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात एका कासार कुटुंबात जन्मले. लंडन मिशनने बेळगावात १८२० पासून काम सुरू केले होते. बाबांचे सुरुवातीचे इंग्रजी शिक्षण त्यांच्याच शाळेत झाले. त्या मिशनच्या बेनन पाद्र्यांचे नाव बेननस्मिथ हायस्कूलच्या रूपाने गावात राहिले आहे. तिथून बाबा मुंबईला गेले, परमहंस मंडळीत सामील झाले आणि १८५४ साली पुन्हा बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुण्यात ते फ्री चर्चच्या मंडळीचे पाळक होते. नंतर मुंबईत धर्मग्रंथ आणि पत्रके काढणाऱ्या संस्थांसाठी त्यांनी लेखन केले. शब्दकोश, निबंध, कादंबरी, नव्या करारावरील टीका अशी शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. १९०६ साली ते वारले. ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र १८८८ सालचे आहे.

‘अरुणोदया’चा कणा माझ्या मते एकच आहे : मत आणि वर्तन यांमधले अंतर. परमहंस मंडळीची हकिगत मराठी वाचकांना ऐकून तरी माहीत असते. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने निघालेली ही गुप्त मंडळी. जातिभेद मोडायचा, मूर्तिपूजा सोडायची, विधवांचे पुनर्विवाह घडवून आणायचे, हे तिचे विचार. सभासद होताना परजातीच्या हातचा पाव खायचा. परंतु ते बाहेर कुणाला कळता कामा नये. बंद दाराआड जात मोडायची आणि दार उघडून बाहेर आले की पुन्हा पंगतीत आपापल्या जागी बसायचे. पुढे १८६०च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि मंडळीच बसली. बाबांना ही कोंडी आतून माहीत होती. जे खरे वाटते ते उघडपणे जगायचे नसेल तर ते खरे वाटले कशाला, हा त्यांचा प्रश्न. त्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर वाचकाला पटो वा न पटो, प्रश्न मात्र टाळता येत नाही. मी वारकरी घरातला. त्यांच्या उत्तराशी माझा संबंध नाही. तो प्रश्न मात्र माझ्याही अंगावर येतो.

म्हणून हे पुस्तक केवळ प्रचाराचे म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यात एका बेळगावकर मुलाचे घर आहे. तिथली व्रतवैकल्ये, श्रद्धा, भीती आहेत. ज्या घरातून लेखक बाहेर पडला त्या घराचे बारकावे तो विसरलेला नाही. त्याला तिथला धर्म अपुरा वाटतो आणि तसे तो स्पष्टपणे सांगतो. पण वर्णन करताना त्याचा हात आखडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले बेळगाव इतक्या जवळून दाखवणारे मराठी पुस्तक माझ्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

आता तक्रार. या पुस्तकाच्या इंग्रजी अवतारात त्याला बाबांच्या ‘पूर्वायुष्या’ची कथा म्हटले आहे, आणि ते यथार्थ आहे. कथेची सगळी धाव बाप्तिस्म्याकडे आहे. शंका, वाचन, वाद, घरच्यांचा आकांत हे सारे त्या एका दिवसाकडे येऊन मिळते. नावच ‘अरुणोदय’, तांबडे फुटले की लेखकाचे मुख्य सांगणे संपते. पण तांबडे फुटल्यावरच तर माणसाचा दिवस सुरू होतो. दुपारचे ऊन, कामाचा शीण, मंडळीतली भांडणे, पगाराची ओढाताण, न येणारी प्रार्थना, हे पाळकाच्या आयुष्यात असणारच. श्रद्धा तिथे कशी टिकली, की कधी टिकलीच नाही, हे मला जाणून घ्यायचे होते.

‘यमुनापर्यटन’ वाचताना हीच उणीव वेगळ्या रूपाने जाणवते. यमुना आणि विनायक गावोगाव हिंडतात, विधवांच्या कहाण्या ऐकतात. या विधवा बोलू लागल्या की कादंबरी जिवंत होते. वपनाची भीती, सासरचे टोमणे, अंधाऱ्या खोलीतले दिवस हे त्या आपल्या भाषेत सांगतात, आणि विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली होऊनही घराघरांत काय चालले होते ते कळते. यमुना सांत्वन करू लागली की मात्र लेखणी जड होते. यमुना पहिल्या पानापासून ठाम आहे. नवरा जातो, ती स्वतः विधवा होते. ज्या दुःखाविषयी ती इतरांना धीर देत होती ते तिच्याच पदरात येऊन पडते. कादंबरीकाराला याहून मोठी संधी कोणती हवी? पण यमुनेचा विश्वास क्षणभरही डळमळत नाही. तिला उत्तरे आधीपासून ठाऊक आहेत. म्हणून तिच्याविषयी आदर वाटतो आणि काळजी मात्र त्या विधवांचीच वाटते.

एवढे वाचून झाल्यावर मी त्या पाळकांच्या घरी गेलो. क्षमा मागायची होती. माझी तक्रारही सांगायची होती. त्यांनी चहा मागवला, सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाप्तिस्मा एका दिवसात होतो हो. पुढची चाळीस वर्षं लिहायला कठीण. मी स्वतः तरी कुठं लिहिली?” मग त्यांनी कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढून दिले. लेखक जर्मनीतला ल्यूथरपंथी पाळक, डीट्रिख बोनहॉफर.

बोनहॉफरचे नाव आपल्याकडे फारसे कानावर नसते, म्हणून थोडे सांगतो. हिटलरच्या राजवटीला शरण जाण्यास नकार देणाऱ्या पाळकांपैकी हा एक. फिंकनवाल्ड येथे तरुण पाळकांना शिकवत असताना जे विचार त्याने मांडले, त्यांतून १९३७ साली शिष्यत्वावरचे त्याचे पुस्तक निघाले. १९३९ साली तो अमेरिकेत सुखरूप पोहोचला होता; काही आठवड्यांतच आपण होऊन परतला. १९४३च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातले महायुद्ध संपायला महिनाही उरला नसताना, त्याला फाशी दिले. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता.

त्याचा मुद्दा त्याच्याच पंथाला टोचणारा आहे. माणूस श्रद्धेने तरतो, कर्मांच्या हिशेबाने तरत नाही, ही ल्यूथरची शिकवण. बोनहॉफर म्हणतो, या शिकवणीचा लोकांनी सोयीस्कर अर्थ लावला : देवाची कृपा आयती मिळाली आहे, आता आपण जसे आहोत तसेच राहिलो तरी चालेल. अशा कृपेला तो स्वस्त कृपा म्हणतो. खरी कृपा फुकट मिळते, पण ती माणसाचे सारे आयुष्य मागते, आणि एकदाच नाही, रोज मागते. आपल्याकडे सावता माळ्याने मळा हाच देव्हारा मानला, तेव्हा त्यालाही भक्ती रोजच्या खुरप्यात दिसली होती. दोघांच्या वाटा निराळ्या आहेत, पण देव्हाऱ्यापुरत्या धर्मावर दोघांचेही समाधान नाही.

हा निकष बाबांना लावला तर काय दिसते? त्यांची कृपा स्वस्त नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. जात गेली, घर तुटले, आणि पत्नी त्यांच्यासोबत आली नाही. परमहंस मंडळीतल्या अनेकांना जे जमले नाही ते त्यांनी आपल्याच गावात, ओळखीच्या माणसांच्या डोळ्यांदेखत केले. पण या किमतीचा काही भाग दुसऱ्या कुणीतरी भरला होता. बालवयात लग्न होऊन आलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले? तिला नवरा सोडायचा होता की धर्म धरून ठेवायचा होता? की दोन्ही निर्णय तिच्यासाठी इतरांनीच घेतले? ‘अरुणोदया’त नवऱ्याचे दुःख कळते. तिच्या मनात काय चालले असेल ते वाचकानेच ताडायचे. ज्या लेखकाने शेकडो मैल हिंडणाऱ्या यमुनेकडून परक्या विधवांना बोलते केले, त्याला घरातली एक स्त्री बोलती करता आली नाही. विधवांच्या दुःखावर पहिली कादंबरी लिहिणाऱ्याविषयी असे म्हणताना मला जड जाते, पण म्हटले पाहिजे.

ही जागा मराठीत पुढे भरून निघाली, आणि ती पाळकाने नव्हे, पाळकाच्या बायकोने भरली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अरुणोदय झाला तो दिवस लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातली काळरात्र होती. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४पासून प्रसिद्ध होऊ लागली) वाचताना नवऱ्याच्या श्रद्धेची किंमत बायको कशी चुकवते ते पानोपानी दिसते. काही वर्षांचा दुरावा, नातेवाइकांच्या घरी काढलेले दिवस, पुन्हा एकत्र आल्यावरही सांभाळलेले सोवळे, मग हळूहळू आतूनच गळून पडलेले ते सोवळे. टिळक हातात आलेला पैसा कुणालाही देऊन टाकणार आणि चूल पेटवायची लक्ष्मीबाईंनी. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला तेव्हा हा त्याग कवीला शोभून दिसला. पण वेतन थांबले ते दोघांचे. लक्ष्मीबाई हे रडत सांगत नाहीत. हसत सांगतात, आणि म्हणूनच टिळकांची थोरवी व त्यांचा हट्ट एकाच वेळी आपल्याला दिसतात. पाळकाची श्रद्धा घरात कशी जगली जाते याचे मराठीतले खरे चिंतन माझ्या मते ‘स्मृतिचित्रे’त आहे, प्रवचनांच्या संग्रहात नाही.

यावर कुणी म्हणेल, दोन पुस्तकांत जवळजवळ अर्ध्या शतकाचे अंतर आहे. बाबांकडून हे मागणे अन्यायाचे नाही का? आक्षेप रास्त आहे. बाबांच्या पुढे मराठी आत्मचरित्राचा तयार रस्ता नव्हता. तो त्यांनाच पाडायचा होता. शिवाय नवख्रिस्ती माणसाच्या प्रत्येक कबुलीवर दोन्हीकडचे लोक टपलेले. आपल्या शंका छापल्या तर जुने लोक म्हणणार, ‘बघा, पस्तावला’. मिशनरी म्हणणार, ‘विश्वास कच्चा’. अशा माणसाला ठाम दिसावेच लागते. यमुनेची न डळमळणारी मुद्रा हीसुद्धा कदाचित त्याच धाकातून आली असावी. आपण सीमाभागातल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. दोन्ही बाजूंनी निष्ठेची परीक्षा होत असली की मनातली शंका बोलून दाखवणे आपल्यालाही परवडत नाही.

आणि इथेच माझी चूक मला पुन्हा दिसते. भाषेसाठी मोर्चे काढणारे, पाट्यांवरून भांडणारे आपण. १९५६ साली आपण दुसऱ्या राज्यात गेलो आणि २०१४ साली गावाचे सरकारी नावही ‘बेळगावी’ झाले, याची खंत आपण बाळगतो. पण ज्या गावच्या माणसाने मराठी कादंबरीला सुरुवात करून दिली, त्याला यादीत जागा द्यायची वेळ आली तेव्हा मी त्याची भाषा पाहिली नाही, धर्म पाहिला. मत एक आणि वर्तन दुसरे! परमहंस मंडळीत मी अगदी शोभलो असतो. उस्मानाबादच्या २०२०च्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले, त्या आधी त्यांच्या धर्मावरून जी कुजबुज आणि विरोध झाला, त्यावर मी मित्रांत तावातावाने बोललो होतो. माझ्या यादीचा तेव्हा मला विसर पडला होता.

पाळकसाहेब आता नाहीत. त्यांचे इंग्रजी पुस्तक माझ्याकडेच राहिले आहे. त्यात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा आहेत. काही ओळींपुढे नुसते प्रश्नचिन्ह. त्यांची न लिहिलेली चाळीस वर्षे बहुधा त्या प्रश्नचिन्हांत असावीत. मेळाव्याची यादी मी नव्याने लिहून ठेवली आहे. तिच्यात पहिले नाव बाबा पदमनजींचे आहे, आणि त्या नावापुढे मीही पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले आहे, त्यांच्या पत्नीसाठी.