मोबाईलमधला रंगमंच आणि रसाचं तिसरं विघ्न

(बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी आत्ताच सूचना केली, की सर्वांनी आपापले मोबाईल सायलेंट करावेत. पुढच्या रांगेतल्या पाच-सहा ज्येष्ठांनी ते इमानदारीनं केलं. मागच्या तरुण मंडळींनी मात्र मोबाईल बाहेर काढले आणि आमच्याकडे रोखले. म्हणजे आमचं रेकॉर्डिंग चाललंय. असू द्या, आमची हरकत नाही. आजचा विषय या दोन रांगांच्या मधेच कुठंतरी आहे.

गाणं, कीर्तन, सिनेमा, नकला, सगळं आता मोबाईलवर आलं. मोबाईल हाच रंगमंच झाला. त्यानं कलेचं आणि ऐकणाऱ्याचं काय झालं, असा प्रश्न आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा विषय दिला, की तो काय बोलणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असतं. 'आमच्या वेळी रेडिओ होता हो' इथून सुरुवात आणि 'नवी पिढी बिघडली' इथं शेवट. आम्ही तसं बोलणार नाही असं वचन देत नाही, जीभ घसरते. पण प्रयत्न करू.

पहिली तक्रार नेहमी अशी, की मोबाईलनं सगळं आखूड केलं. पंधरा सेकंदांचं गाणं, तीस सेकंदांचा विनोद. ही तक्रार आम्ही बाजूला ठेवतो, कारण ती मोबाईलच्या जन्माच्या कितीतरी वर्षं आधीची आहे. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांचं गाणं ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रित झालं. तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच जागा. जो राग बैठकीत तासभर चालायचा तो तीन मिनिटांत बसवायचा, आणि वर शेवटी आपलं नावही सांगायचं, कारण तबकड्या जर्मनीत तयार होणार, तिथल्या माणसाला लेबलवर काय लिहायचं ते कळायला हवं. तेव्हाही मोठमोठ्या गवयांनी नाकं मुरडली. पण त्याच मर्यादेत पुढं अब्दुल करीम खाँसाहेब गायले, केसरबाई केरकर गायल्या. केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. लांबी कमी असणं हा काही गुन्हा नव्हे. आपल्या ओवीला तरी किती लांबी असते?

दुसरी तक्रार, की पूर्वी सगळे मिळून ऐकायचे. यात तथ्य आहे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला एक नवं गीत, एकूण ५६ गीतं. माणसं आठवडाभर वाट पाहायची. एका वेळी एका गावातल्या अनेक घरांत तेच गाणं चाले. मोबाईलवर वाट पाहणं हा प्रकार उरलेला नाही. आठवडाभर वाट पाहून ऐकलेलं गाणं आणि बोट लावताच आलेलं गाणं, या दोन्ही वेळी ऐकणारा सारखाच तयार असतो असं आम्हाला वाटत नाही.

हे आम्ही एकदा इथंच, याच परिसरात, एका घरी चहा घेताना सांगत होतो. आतून एक वयस्कर बाई म्हणाल्या, "सर, रेडिओ सासऱ्याच्या उशाशी राहे. आमच्या हाती कव्हा आला?"

आम्ही गप्प झालो. चाळीस वर्षं सौंदर्यशास्त्र शिकवलं आणि हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. आम्ही ज्याला 'सर्वांनी मिळून ऐकणं' म्हणत होतो, त्यात बटण एकाच्याच हातात होतं. आज त्याच बाई भाकरी थापताना ओट्यावर मोबाईल उभा करून त्यांना हवं ते भजन लावतात. रेडिओच्या गोडव्याबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही.

आणि दरवाजा कुणासाठी उघडा होता हेही विसरू नये. आकाशवाणीवर गायचं तर ऑडिशन, ग्रेड. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा प्रल्हाद शिंद्यांचा आवाज, भीमगीतं, गावोगावच्या वस्त्यांत पोचली ती कॅसेटच्या पाठीवर बसून. १४ एप्रिलला जे ऐकू यायचं ते कुठल्या केंद्र संचालकानं निवडलेलं नसायचं. मोबाईल याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे. मधे काही वर्षं मेमरी कार्डाची होती, आठवतं ना? बाजाराच्या दिवशी मोबाईल शॉपीत कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपयांत गाणी 'भरून' घ्यायची. भरून घेणं! पीठ, रॉकेल आणि गाणी, तिन्हीला एकच क्रियापद. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, सुरुवातीला डेटा फुकट, आणि भरून घ्यायचं कारणच उरलं नाही. नळ आल्यावर हंडा भरून कोण ठेवतो? कोरी पाटीची 'गावाकडच्या गोष्टी' किंवा बारामतीकडच्या मंडळींची 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही अस्सल गावची मालिका मुंबईच्या कुठल्या वाहिनीची परवानगी न घेता घराघरांत गेली ती या नळातून. हे मोठं काम आहे, आणि ते मोबाईलनं केलं.

मग आमची तक्रार काय? आता त्याकडे येतो.

आपल्या भागात सप्ताह सगळ्यांच्या अंगवळणी आहे. वारकरी कीर्तन डोळ्यांसमोर आणा. मधे कीर्तनकार. मागे टाळकऱ्यांची रांग. एका बाजूला मृदंग, वीणेकरी उभा. दोन तास एकाच अभंगावर. कीर्तनकार एक चरण सोडवतो, दृष्टांत देतो, कधी हसवतो, आणि पुन्हा ध्रुपदावर येतो. ध्रुपद टाळकरी धरतात. हसवणं हे तिथं उतारावरच्या विसाव्यासारखं आहे, गाव पुढं आहे.

आता हेच मोबाईलवर कसं येतं पाहा. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. जुलैमध्ये भारतात रील्स आलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्सची पहिली चाचणी इथंच केली. दोन्हीकडे सुरुवातीला पंधराच सेकंद. आणि चौकट उभी. उभ्या चौकटीत काय मावतं? एक माणूस. टाळकरी दोन्ही बाजूंनी कापले जातात, मृदंग कापला जातो, वीणेकरी तर गेलाच. उरतो तो कीर्तनकाराचा चेहरा आणि त्याचा विनोद. अभंग कोणता होता, हे त्या क्लिपवरून सांगता येत नाही. आम्ही तरुणांना विचारून पाहिलं. क्लिप तोंडपाठ, अभंग माहीत नाही.

इथं लांबीचा प्रश्न नाही, हे लक्षात घ्या. गोहरजान यांनी तीन मिनिटांत राग आखूड केला, पण राग ठेवला. इथं विसावा ठेवला आणि गाव काढून टाकलं. आणि याचा उलटा परिणाम आता मांडवातच दिसू लागलाय. काही कीर्तनं ऐकताना जाणवतं, की वक्ता टाळकऱ्यांकडे वळतच नाही, तो समोरच्या स्टँडवरच्या मोबाईलशी बोलतोय. 'क्लिप निघाली पाहिजे' हे ध्रुपद झालं आहे. टाळकरी मागं उभे आहेत, टाळ हातात, आणि त्यांना काम नाही.

काश्मीरमध्ये इसवी सन १०००च्या आसपास अभिनवगुप्त होऊन गेले. भरताच्या नाट्यशास्त्रावर त्यांची टीका आहे, 'अभिनवभारती'. त्यात ते विचारतात, नाटक चांगलं आहे, नट चांगले आहेत, तरी प्रेक्षकाला रस का मिळत नाही? ते सात विघ्नं सांगतात. त्यातलं एक 'अप्रधानता'. जे मुख्य ते गौण होणं. क्लिपचं वर्णन याहून नेमकं आम्हाला करता येणार नाही.

पण आमच्या मनात घोळतंय ते तिसरं विघ्न. त्यांचा शब्द आहे 'निजसुखादिविवशीभाव'. स्वतःच्याच सुखदुःखानं माणूस इतका व्यापलेला असणं, की समोरचं काही आत शिरतच नाही. मुलीचं लग्न ठरलंय, कर्जाचा हप्ता थकलाय, आणि असा माणूस नाटकाला येऊन बसलाय. त्याला रस कसा मिळावा? यावर उपाय काय, तर अभिनवगुप्त म्हणतात गायन, वादन, सजवलेला मंडप. म्हणजे संगीत हेच औषध. संगीतानं माणूस आपल्या चिंतेतून बाहेर निघतो आणि मग नाटक पाहू शकतो.

आता जरा मोबाईलकडे पाहा. कर्जाच्या हप्त्याचा मेसेज त्याच्यावर येतो. पीकविम्याचा त्याच्यावर. सोयाबीनचा भाव त्याच्यावर. मुलगा पुण्याहून बोलतो तो त्याच्यावर, आणि फोन करत नाही तेही त्याच्यावरच कळतं. आणि गाणंही त्याच्यावर. तबकडीनं कधी कुणाला हप्त्याची आठवण केली नाही. रेडिओनं बातम्या दिल्या, पण त्या देशाच्या. तुमच्या खात्यात किती उरले हे रेडिओला ठाऊक नव्हतं. औषध आणि आजार एकाच पुडीत बांधून देणारं संगीताचं असं साधन यापूर्वी झालेलं नाही. पडदा लहान आहे, आवाज पातळ आहे, ही खरी अडचण नव्हे.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. आमचे थोरले बंधू भजनी मंडळात गायचे. पंचपदी झाली की रात्री उशिरा त्यांचा आवाज लागायचा. ते गेले. त्यांचं एक भजन पुतण्याच्या मोबाईलमध्ये होतं, अकरा मिनिटांचं. मागं कुत्र्याचं भुंकणं, कुणाचं तरी खोकणं, सगळं त्यात आहे. वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारी आम्ही घरचे सगळे बसलो आणि पुतण्यानं ते लावलं. तिसऱ्या कडव्यानंतर दादा वरच्या सुरावर जायचे. तो सूर आता येणार हे आम्हाला ठाऊक होतं, डोळे मिटले होते. आणि रिंग वाजली. कुठल्याशा कंपनीची बाई, कर्ज हवंय का विचारत होती. पुतण्यानं फोन कापला, पुन्हा लावलं. भजन तिथूनच सुरू झालं, एकही शब्द गळला नाही. पण आम्ही तिथं नव्हतो. पुतण्या त्याच्या कर्जाचा विचार करू लागला, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि आम्ही त्याच्या कर्जाचा. दादा गात राहिले.

तांत्रिकदृष्ट्या काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते ऐकणाऱ्याचं.

कुणी म्हणेल, मग इअरफोन लावा, एकांतात ऐका. एकांतानं हे सुटत नाही, उलट चिंता एकांतातच मोठी होते. भट्टनायक ज्याला साधारणीकरण म्हणतात, म्हणजे हे दुःख माझं एकट्याचं नाही, सगळ्यांचं आहे, असं होऊन जाणं, त्याला शेजारी मांडी घालून बसलेला माणूस फार मदत करतो. तो हुंकार देतो, आपणही देतो.

मागल्या सोंगणीच्या वेळी आम्ही सकाळी शेताच्या बाजूनं फिरायला गेलो होतो. आठ-दहा बाया पात धरून सोयाबीन सोंगत होत्या. एकीच्या कमरेला पिशवी, पिशवीत जुना मोबाईल, स्पीकर मोठा. गाणी त्याच मेमरी कार्डावरची, कधीतरी भरलेली. गाणं लागलं की एकजण उचलायची, बाकीच्या मागनं धरायच्या. विळे त्या ठेक्यावर. आम्ही म्हटलं, "मधेच फोन येत असतील ना?" तर ती हसली. "त्यात सिमच नाही जी. सिम नव्या फोनात, तो मालकापाशी."

आमचा सगळा अभिनवगुप्त तिनं एका वाक्यात सांगितला. त्या फोनला कुणी हाक मारू शकत नव्हतं, म्हणून तो वाद्य झाला होता. (मालकापाशी म्हणजे नवऱ्यापाशी. रेडिओ सासऱ्याकडे, नवा फोन नवऱ्याकडे. त्यावर वेगळं व्याख्यान लागेल, आणि ते आम्ही देणं बरोबरही नाही. एखाद्या बाईंना बोलवा.)

त्यानंतर सप्ताहाला आम्ही इथल्या एका विद्यार्थ्याला गळ घातली. काल्याचं कीर्तन पूर्ण घे. मोबाईल आडवा ठेव. इतका मागं ठेव, की शेवटचा टाळकरीसुद्धा दिसला पाहिजे. आणि विमानाचं चिन्ह दाबून ठेव. त्यानं ते केलं. टाळकऱ्यांना कळलं की आपण चौकटीत आहोत, तेव्हा त्यांनी टाळ असे काही वाजवले, की कीर्तनकारांना वळून पाहावं लागलं. दोन तास दहा मिनिटांचं ते रेकॉर्डिंग यूट्यूबवर गेलं. दुसऱ्या कुणीतरी त्याच कीर्तनातला एक विनोद उभ्या चौकटीत टाकला होता, तो हजारोंनी पाहिला.

आम्ही त्या मुलाला विचारलं, आपलं किती जणांनी शेवटपर्यंत पाहिलं, हे कळतं का? म्हणाला, "कळते सर. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच हायेत. पण त्यातला एकजण दर एकादशीला येते. पूर्ण पाहते. कोण हाये ते समजत नाही."

आम्हीही अंदाज करून थकलो. इथं बसलेल्यांपैकी कुणी असेल तर व्याख्यानानंतर भेटावं. आता प्रश्न घेऊ.